पायऱ्या पाठ आहेत, पण प्रयोग जमत नाही: मुलांना वैज्ञानिक पद्धत शिकवायची कशी?

एका शिक्षिकेने विचारलं आहे: "सातवी-आठवीच्या मुलांना वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या तोंडपाठ आहेत. निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. परीक्षेत बरोबर लिहितात. पण स्वतःचा एखादा प्रयोग करा म्हटलं की कुठून तरी उतरवून आणतात आणि उत्तर आधीच ठरलेलं असतं. सुरुवात कुठून करू?"

बाई, यात मुलांचं काही चुकत नाही. झालेलं काम दुसऱ्याला नीट सांगता यावं म्हणून त्या पाच पायऱ्या मांडलेल्या असतात. काम चालू असताना ते त्या क्रमाने कधीच होत नाही. प्रयोग करता करता प्रश्न बदलतो, मोजताना भलतंच काहीतरी दिसतं, निष्कर्ष लिहायला बसल्यावर कळतं की मोजायचं ते मोजलंच नाही. या वयाच्या मुलांबरोबर प्रयोगशाळेत माझी पंचवीसेक वर्षं गेली. त्यातली पहिली काही वर्षं मीही फळ्यावर पाच चौकटी काढून त्यांना बाण जोडत होतो. आता काढत नाही. आता पहिल्या तासाला एकच गोष्ट सांगतो: प्रयोगाला हात लावण्याआधी वहीत लिहा, "काय दिसलं तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल?" चल, नियंत्रण, सरासरी, आलेख हे सगळं या एका प्रश्नाच्या मागोमाग येतं. आणि हा प्रश्न विचारायचा राहून गेला, तर बाकीचं कितीही नेटकं केलं तरी तो प्रयोग होत नाही, ते प्रात्यक्षिक होतं.

आधी प्रश्नाबद्दल बोलू. मुलांचे प्रश्न "का"ने सुरू होतात: बर्फ का तरंगतो, आकाश निळं का. प्रश्न उत्तम आहेत, पण त्यांना थेट हात घालता येत नाही, म्हणून मुलं पुस्तक उघडतात. त्या "का"मधून "हे बदललं तर ते बदलेल का?" असा प्रश्न काढायला शिकवावं लागतं. वेळ लागतो त्याला. एक अख्खा तास त्यात गेला तरी जाऊ द्या.

माझ्या आवडीचा एक प्रश्न देतो. दोन सारखे काचेचे पेले घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात तेवढंच पण भरपूर मीठ विरघळवलेलं पाणी. दोन्ही खोलीच्या तापमानाला. एकाच ट्रेमधले दोन सारखे बर्फाचे खडे एकाच वेळी त्यांत सोडायचे. कुठला आधी वितळेल? वर्गाला हात वर करायला सांगा. दर वर्षी बहुतेक हात मिठाच्या पाण्यासाठी वर जातात, आणि कारणही तयार असतं: मिठाने बर्फ वितळतो, सगळ्यांना माहीत आहे. इथे घाई करू नका. प्रत्येकाला वहीत आपलं भाकीत, त्याचं कारण आणि "साध्या पाण्यातला खडा आधी संपला तर माझं कारण चुकलं" हे वाक्य लिहू द्या. मगच बर्फ टाका.

साध्या पाण्यातला खडा आधी संपतो. फरक सेकंदा-दोन सेकंदांचा नसतो, घड्याळ न बघताही कळतो. वर्गात त्या वेळी जी शांतता पसरते तिच्यासाठी मी अजून हा प्रयोग करतो. आपण सगळे, हुशार मुलांसकट, चुकलो. आणि बर्फाचा खडा कुणाचं ऐकत नाही, हे डोळ्यांदेखत घडलं.

एक काळजी घ्या. मीठ विरघळताना पाणी किंचित गार होतं, म्हणून ते आदल्या दिवशी विरघळवून ठेवा. नाहीतर एखादी चौकस मुलगी म्हणेल, "ते पाणीच गार होतं, म्हणून उशीर झाला," आणि तिचं म्हणणं अगदी रास्त असेल.

यानंतर मुलं आपणहून विचारतात, असं का? आता त्या "का"ला धार आलेली असते. बर्फ गोठवतानाच पाण्यात थोडा रंग घातला असेल तर पुढचं दृश्य बघण्यासारखं असतं. साध्या पाण्यात वितळलेलं रंगीत पाणी धाग्यांसारखं खाली उतरतं, त्याच्या जागी कोमट पाणी बर्फाजवळ येतं. मिठाच्या पाण्यात तेच रंगीत पाणी वरच्या वर थर धरून राहतं, कारण मिठाचं पाणी जड असतं. बर्फ आपल्याच गार पाण्याचं पांघरूण घेऊन बसतो. हे कारण खरं असेल, तर दोन्ही पेले सतत ढवळल्यावर साध्या पाण्याला मिळणारा हा फायदा नाहीसा व्हायला हवा. ही झाली दुसरी परीक्षा, पहिल्या उत्तराच्या पोटातून निघालेली. ती मुलांनाच करू द्या.

गृहीतक म्हणजे "अंदाज" असं आपण सांगून मोकळे होतो. अंदाज तर नाणं उडवतानाही बांधतात. गृहीतकात एक कारण असतं आणि त्या कारणातून पुढे काय दिसायला हवं याचं भाकीत निघतं. भाकीत खोटं ठरू शकत नसेल तर गृहीतक निरुपयोगी. एकदा एका मुलाने "गाणी ऐकवली की झाडं आनंदी होतात" असा प्रकल्प मांडला. मी विचारलं, झाड वाढलं नाही तर काय म्हणशील? तो म्हणाला, "मग त्याला ते गाणं आवडलं नसेल." त्याला रागावण्यासारखं काही नव्हतं. दोघांनी बसून वाक्य बदललं: "रोज दोन तास आवाजाजवळ ठेवलेली रोपं, शांत जागी ठेवलेल्या रोपांपेक्षा तीन आठवड्यांत जास्त उंच होतील." आता हे खोटं ठरू शकतं, म्हणजे तपासण्याजोगं झालं.

आता लंबक. मला एकच प्रयोग निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन. दोरा, लोखंडी नट, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच एवढंच लागतं, आणि पद्धतीतले जवळजवळ सगळे खाचखळगे त्यात येतात. प्रश्न: लंबकाचा एक झोका, म्हणजे एका टोकाकडून निघून परत त्याच टोकाला येणं, किती वेळ घेईल हे कशावर ठरतं? मुलं तीन गोष्टी सांगतात: वजन, दोऱ्याची लांबी आणि किती दूर ओढून सोडला ते. प्रत्येक गट एका वेळी एकच गोष्ट बदलेल, बाकीच्या दोन तशाच ठेवील. पुस्तकात आपण बदलतो त्या गोष्टीला स्वतंत्र चल, मोजतो तिला अवलंबी चल आणि तशाच ठेवतो त्यांना नियंत्रित चल म्हणतात. मी हे शब्द प्रयोग झाल्यावर सांगतो. ज्याने हाताने केलंय त्याला ते शब्द चटकन उमगतात.

एका वर्षी वजनाच्या गटातल्या एका मुलीचं ठाम म्हणणं होतं की जड लंबक सावकाश झुलतो. वर्गाने आधी वाचलं होतं की वजनाने फरक पडत नाही, म्हणून सगळे तिला हसत होते. पण तिच्या वहीतले आकडे तिच्या बाजूने होते. ३० सेंटिमीटर दोऱ्याच्या टोकाला एक नट बांधून तिने २० झोके मोजले होते: २२.३, २२.४, २२.२, २२.५, २२.३ सेकंद. मग तीन नट लावून पुन्हा पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी २३ सेकंदांच्या आसपास. फरक ०.७ सेकंदाचा.

आता शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल? "पुन्हा मोज, काहीतरी चुकलंय" म्हणणं सोपं आहे. पण मग ती शिकते काय? उत्तर जुळेपर्यंत मोजत राहायचं. मी तिला म्हणालो, तुझे आकडे मला पटतात. फक्त हे सांग, दोन्ही वेळा वजनाखेरीज दुसरं काहीच बदललं नाही, अशी तुझी खात्री आहे का? ती लंबकासमोर बसून राहिली. तिने तीन नट एकाखाली एक असे साखळीसारखे बांधले होते. तासाच्या शेवटी ती म्हणाली, "सर, नट खाली खाली गेलेत. लंबक लांब झालाय."

अगदी तसंच होतं. लंबकाची लांबी दोऱ्याच्या गाठीपर्यंत मोजायची नसते, टांगलेल्या वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची असते. एका नटाचा मध्य ३१ सेंटिमीटरवर होता, तिघांच्या साखळीचा ३३ सेंटिमीटरवर. दुसऱ्या दिवशी तिने तिन्ही नट एकाच हुकात शेजारी-शेजारी अडकवले आणि २० झोक्यांना पुन्हा २२.३ सेकंद आले. वजनाने फरक पडत नाही हे वर्गातल्या इतरांनी वाचलं होतं. तिने मात्र ते मिळवलं होतं, आणि वर लांबी नेमकी कुठून कुठे मोजायची हेही. "एका वेळी एकच गोष्ट बदला" हे सांगायला सोपं आहे. आपल्या नकळत दुसरी कुठली गोष्ट बदलली हे शोधणं ही खरी कामगिरी, आणि तिला पुस्तकातल्या आकृतीत जागाच नसते.

(बियांच्या प्रयोगातही हेच होतं. "उगवायला प्रकाश लागतो का?" म्हणून मुलं वाटाण्याचे काही दाणे उघडे ठेवतात आणि काही डब्यात झाकतात. झाकलेल्यांना अंधार मिळतो, पण ओलही जास्त वेळ टिकते. दोन्ही झाका, एक पारदर्शक झाकणाने आणि एक अपारदर्शक झाकणाने.)

याच प्रयोगात मोजण्याचा विषय उरकून घ्या, वेगळा धडा करू नका. एकच झोका मोजला तर स्टॉपवॉच दाबताना होणारा उशीरच उत्तर गिळून टाकतो. डोळ्यांनी बघून बोट हलायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतो, आणि झोका जेमतेम १.१ सेकंदाचा. २० झोके मोजून २०ने भागलं की ती चूकही २० जणांत वाटली जाते. मग पाच वेळा मोजायचं. सरासरी काढायला मुलांना येतं. पण सरासरीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे आकड्यांचा पसारा. त्या मुलीचे पहिले पाच आकडे २२.२ ते २२.५ मध्ये होते, म्हणजे पसारा ०.३ सेकंदाचा. तिला दिसलेला फरक ०.७ सेकंदाचा. फरक पसाऱ्याच्या दुपटीहून मोठा होता, म्हणून मी तिचे आकडे उडवून लावले नाहीत. उलट फरक ०.१ सेकंद असता तर "फरक दिसला" म्हणायचा अधिकार तिला नव्हता. सातवी-आठवीला एवढा हिशेब पुरे. प्रमाण विचलन वगैरे पुढे येईलच.

हाच पसारा आपल्या उत्तराची हद्दही दाखवतो. तिसरा गट लंबक १० अंशांवरून आणि मग २० अंशांवरून सोडतो आणि लिहितो, "फरक पडत नाही." गॅलिलिओचंही तसंच मत होतं. पण फरक असतो. या लांबीला २० झोक्यांमागे तो एक दशांश सेकंदाच्या थोडा वर येतो आणि बोटाने चालवलेल्या स्टॉपवॉचमध्ये हरवतो. ६० अंशांवरून सोडला तर दोलनकाल, म्हणजे एका झोक्याचा वेळ, सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, तो मात्र लपत नाही. मोठ्या झोक्याला जास्त वेळ लागतो हे सतराव्या शतकातच ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं. लंबकाचं घड्याळ बनवणाऱ्याला त्याकडे दुर्लक्ष करून चाललं नसतं. म्हणून "फरक पडत नाही" याऐवजी "लहान कोनांना, आमच्या स्टॉपवॉचने, फरक दिसला नाही" असं लिहायला शिकवा. वाक्य लांब होतं, पण खरं होतं.

नियंत्रण म्हणजे काय हे सांगायला मी रेडीची गोष्ट सांगतो, आणि सावकाश सांगतो. सडक्या मांसात अळ्या आपोआप निर्माण होतात असा शतकानुशतकांचा समज होता, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. मांस उघडं ठेवलं की कुणालाही तसंच दिसायचं. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडीला वाटलं की अळ्या माश्यांच्या असाव्यात. त्याने मांस काही उघड्या भांड्यांत ठेवलं आणि काही बंद केलेल्या. उघड्यांत अळ्या झाल्या, बंद भांड्यांत झाल्या नाहीत. बहुतेक मुलं इथे थांबतात: सिद्ध झालं! मी वर्गाला विचारतो, तुम्ही रेडीचे विरोधक आहात, काय म्हणाल? थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, "बंद केल्यावर हवापण गेली नाही ना आत. हवा नाही म्हणून अळ्या झाल्या नसतील."

रेडीने हा आक्षेप ओळखला होता. त्याने भांड्यांच्या तोंडावर बारीक विणीचं कापड बांधलं. हवा आत जाते, माशी जात नाही. मांसात अळ्या झाल्या नाहीत. माश्या त्या कापडावरच घोंगावत राहिल्या. १६६८ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. पहिल्या जोडीत दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, हवा आणि माशी. कापडाने त्या दोन वेगळ्या काढल्या. नियंत्रण म्हणजे हेच: आपल्याला जी गोष्ट तपासायची आहे ती सोडून बाकी सगळं सारखं असलेला जोडीदार. आणि आपल्या विरोधकाची भूमिका आपणच घ्यायची सवय. मुलांना ही भूमिका फार आवडते. दर गटाच्या प्रयोगाला दुसरा गट विरोधक म्हणून नेमा, पण एक अट घाला: आक्षेपाबरोबर तो तपासायचा उपायही सुचवायचा.

कुणी मुद्दाम खोटं बोलत नसतानाही प्रयोग फसतो, हे या वयात कळायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवायचा. बेरीज विचारली की तितक्या वेळा खूर आपटायचा. त्याचे मालक विल्हेल्म फोन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी पैसे कमावले नाहीत, फसवणूकही केली नाही. १९०४ साली तज्ज्ञांच्या समितीलाही त्यात काही चलाखी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने एक साधा बदल केला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नाही, अशी व्यवस्था केली. घोड्याचं गणित कोलमडलं. विचारणारा दिसत नसेल तेव्हाही तेच. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि घोडा तेवढं बघून थांबायचा. हे कळल्यावरही ती हालचाल थोपवणं खुद्द फुंग्स्टला जड गेलं.

वर्गात याचा उपयोग लगेच करता येतो. रोपांची उंची मोजणाऱ्याला कुठलं रोप कुठल्या गटातलं हे माहीत नसावं. कुंड्यांवर फक्त क्रमांक टाका आणि यादी दुसऱ्याकडे ठेवा. लंबकाचे झोके मोजणाऱ्याला स्टॉपवॉच दिसू देऊ नका. आपल्याला हवं ते उत्तर आपला हात हळूच पुरवत असतो. मुलांना हे सांगताना "अप्रामाणिकपणा" हा शब्द वापरू नका, कारण ते तसं नसतं.

निष्कर्षाच्या बाबतीत मी एकच गोष्ट तपासतो: दाखवलं त्यापेक्षा जास्त म्हटलंय का? याला सतराव्या शतकातल्या फान हेल्मोंट या वैद्य-रसायनशास्त्रज्ञाच्या विलोच्या झाडाइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. त्याने २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत घेतली, तीत ५ पौंडांचं रोप लावलं, धूळ पडू नये म्हणून वर भोकांचा पत्रा ठेवला आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली तर फक्त दोन औंस कमी, म्हणजे ५७ ग्रॅमच्या आसपास. मोजणी सुरेख, चिकाटी त्याहून मोठी. निष्कर्ष काढला: सगळं झाड पाण्यापासून झालं. त्याच्या आकड्यांनी दाखवलं होतं ते एवढंच, की झाडाचं वजन मातीतून आलेलं नाही. पाण्याखेरीज झाडाभोवती आणखी एक गोष्ट पाच वर्षं होती, हवा, आणि ती त्याने तोललीच नव्हती. झाडाच्या वजनातला मोठा वाटा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधल्या कार्बनचा असतो. चुटपुट लागते ती याची, की "वायू" या अर्थाचा गॅस हा शब्द याच माणसाने घडवला आणि कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचा त्याने अभ्यासही केला होता. उत्तर त्याच्या हाताशी होतं. हे काम त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापलं गेलं. मुलांना विचारा: याच आकड्यांवरून खात्रीने काय म्हणता आलं असतं? त्या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जातो.

"पण ताऱ्यांवर प्रयोग कसा करणार?" हा प्रश्न येईलच. भाकीत मात्र तिथेही करता येतं. युरेनस ग्रह गणिताने सांगितलेल्या वाटेने चालत नव्हता. फ्रान्सच्या उर्बें ल व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाने म्हटलं, पलीकडे न दिसलेला ग्रह ओढत असला पाहिजे, आणि तो कुठे असेल हे कागदावर काढून बर्लिनच्या वेधशाळेला कळवलं. २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री तिथल्या योहान गाल्ले याला सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची सांगा. बुधाची वाटही किंचित चुकत होती. त्याच माणसाने तीच युक्ती वापरली: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याला व्हल्कन हे नावही मिळालं, कित्येक वर्षं शोध चालला, आणि तो ग्रह नव्हताच. १९१५ साली आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतातून बुधाची ती तफावत बरोबर निघाली. तफावत होती शंभर वर्षांत ४३ विकला. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग. भाकीत चुकलं की एकदा न दिसलेला ग्रह सापडतो, एकदा नियमच बदलावा लागतो, आणि यातलं काय होणार हे आधी कुणाला कळत नाही.

याच गोष्टीवरून "सिद्धांत" या शब्दाचा घोळही मिटतो. बोलताना आपण "हा माझा सिद्धांत आहे" म्हणतो तेव्हा आपल्याला "माझा कयास" म्हणायचं असतं. विज्ञानात सिद्धांत म्हणजे अनेक परीक्षांतून तावून-सुलाखून निघालेलं, अनेक निरीक्षणांचा एकत्र उलगडा करणारं स्पष्टीकरण. नियम काय घडतं ते सांगतो, सिद्धांत ते का घडतं ते सांगतो. सिद्धांत "बढती" मिळून नियम होत नाही. आणि मुलांच्या वहीत "सिद्ध झाले" हे शब्द दिसले की मी त्याखाली रेघ मारून "पुष्टी मिळाली" असं लिहितो.

वहीबद्दल माझा एक हट्ट आहे: खोडरबर नाही. पेनाने लिहायचं, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी का खोडलं ते लिहायचं. त्या मुलीने आपले "चुकीचे" आकडे खोडून टाकले असते तर साखळीचा घोळ कुणालाच कळला नसता. पक्की वही वेगळी करून घेऊ नका. पक्की वही म्हणजे आकडे जुळवायची संधी. कच्चीच वही तपासा, डाग पडलेली चालेल. तारीख, वेळ, कोण मोजत होतं, दोरा किती होता, मध्येच कुणी टेबलाला धक्का दिला का, सगळं तिथल्या तिथे लिहायचं.

शेवटी गुणांचं बघा, कारण मुलं आपल्या बोलण्यापेक्षा गुणांवरून शिकतात. "योग्य निष्कर्ष" याला गुण ठेवले तर आकडे बनवले जाणार. एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो असताना पहिला क्रमांक मिळालेल्या प्रकल्पाचा आलेख पाहिला होता: दहाच्या दहा बिंदू अचूक रेषेवर. मुलाला विचारलं, सगळ्यात जास्त त्रास कुठल्या मोजणीला झाला? त्याला सांगता आलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं, कारण त्याच्याकडून हे आपणच करून घेतलं होतं. मी १० गुण असे वाटतो: आधी लिहून ठेवलेलं भाकीत आणि "काय दिसलं तर चुकलो" याला ३, काय काय सारखं ठेवलं आणि ते कसं तपासलं याला ३, पुन्हा पुन्हा केलेल्या मोजण्या आणि त्यांचा पसारा यांना २, आणि आकड्यांपलीकडे न जाणाऱ्या निष्कर्षाला २. उत्तर पुस्तकाशी जुळलं का, याला शून्य. पहिले दोन महिने पालक विचारतील की भाकीत चुकूनही मुलाला दहापैकी नऊ कसे. त्यांना वही उघडून दाखवा.

पहिल्या तासाला बर्फ, दुसऱ्या आठवड्यात लंबक. लंबकाला तीन तास धरा, एकात होत नाही. नट मात्र मुलांनाच बांधू द्या, कसेही.